शिलावर्तुळांच्या पोटातील इतिहास

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या नागपूर जिल्ह्याच्या माळरानांवरून जाताना मोठमोठ्या धोंड्यांची कडी आपण पाहिली असतील. दहा-पंधरा मीटर रुंदीचे वर्तुळ, त्याच्या कडेला एकाशेजारी एक बसविलेले जड दगड, आणि मध्यभागी गोट्यांचा व मातीचा बेताचा उंचवटा, असे त्यांचे सामान्य रूप असते. काटोल रस्त्यावर नागपूरपासून सुमारे दहा किलोमीटरवर असलेल्या जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, हिंगण्याजवळचे रायपूर, भागीमोहारी या गावांची नावेही या वर्तुळांमुळे विद्वानांच्या ग्रंथांत जाऊन बसली आहेत. गावकरी मात्र त्यांना कोठे गवळ्यांचे तळ म्हणतात, कोठे आणखी काही. गुरे राखणारी मुले त्या दगडांवर बसून शिदोरी सोडतात.

ही वर्तुळे म्हणजे थडगी होत. सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी या भूमीवर राहणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. मोठ्या शिळा वापरून केलेल्या अशा स्मारकांना महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन स्मारके असे म्हणतात. नाव 'अश्मयुगीन' असले तरी ती रचणारे लोक लोखंड उत्तम प्रकारे जाणत होते, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे. नाहीतर मुलांच्या मनात दगडी हत्यारांच्या युगाशी त्यांची गल्लत होते. त्यांनी लिहिलेले एक अक्षरही आपल्यापाशी नाही. जे काही सांगायचे आहे ते त्यांची माती, त्यांची भांडी, त्यांची हत्यारे आणि त्यांची हाडे सांगतात. तेव्हा अशा मुक्या साक्षीदारांना बोलते कसे करतात, त्यांनी आजवर काय सांगितले आणि या कामी प्राथमिक शिक्षकाचा वाटा कोणता, या तीन गोष्टींचा विचार आपण आज करणार आहोत.

प्रथम या संशोधनाची थोडी पूर्वपीठिका पाहू. नागपूरला हिस्लॉप महाविद्यालय आहे हे आपणांस ठाऊक आहे. ज्यांचे नाव त्या महाविद्यालयास दिले आहे, ते स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते, शिक्षक होते आणि भूगर्भशास्त्राचे निष्ठावंत अभ्यासकही होते. टाकळघाटची ही वर्तुळे पाहण्यासाठी ते ४ सप्टेंबर १८६३ रोजी गेले असता, परतीच्या वाटेवर पुराने भरलेला ओढा ओलांडताना बुडून मरण पावले. त्यानंतर १८६७ मध्ये जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या मध्यप्रांतातील सनदी अधिकाऱ्यांनी जुनापाणीची काही वर्तुळे उघडली. त्यांना लोखंडाची हत्यारे व मातीची भांडी मिळाली. काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे लहान खळगे आहेत, हेही त्यांच्या लक्षात आले, आणि हे सारे त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या जुन्या काळी त्यांनी जे टिपून ठेवले त्याबद्दल आपण कृतज्ञ राहिले पाहिजे. परंतु प्रत्येक थराची वेगळी नोंद ठेवून खणण्याची पद्धत त्या वेळी रूढ झालेली नव्हती, त्यामुळे त्या वस्तू एकमेकींच्या संदर्भात कशा होत्या हे आता पुरते कळण्यास मार्ग नाही.

ही पद्धत आपल्या देशात पक्की रुजविण्याचे श्रेय मुख्यतः सर मॉर्टिमर व्हीलर यांना जाते. ते १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. त्यांनी तक्षशिलेस भारतीय विद्यार्थ्यांचा वर्ग चालविला आणि १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे महापाषाणीय थडग्यांचे पद्धतशीर उत्खनन केले. पुढे १९६१-६२ मध्ये याच खात्याचे बी. के. थापर यांनी जुनापाणी येथे शास्त्रीय रीतीने वर्तुळे उघडली. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७० नंतर माहूरझरी येथे उत्खनने केली. १९७७ ते १९८० या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज व महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्व खाते यांनी नायकुंड येथे काम केले, डॉ. देव व डॉ. अरविंद जामखेडकर यांनी त्याचा वृत्तांत लिहिला. आज आपण जे बोलणार आहोत ते या मंडळींच्या कष्टाचे फळ आहे.

आता वर्तुळ उघडतात कसे, ते पाहू. पुष्कळांचा समज असा की, मध्यभागी एक खड्डा खणावा आणि खाली जे असेल ते वर काढावे. नेमके हेच कधी करावयाचे नसते. कुदळीचा पहिला घाव घालण्यापूर्वी बरेच दिवस मोजमापात जातात. वर्तुळातील प्रत्येक दगडास क्रमांक देतात, त्याची जागा आलेख-कागदावर उतरवतात आणि उंचवट्याचे चढ-उतार मोजून घेतात. मग खुंट्या ठोकून व सुतळी बांधून, पोळीचे चार चतकोर करावेत तसे वर्तुळाचे चार भाग पाडतात. चतकोरांच्या मध्ये अर्धा ते एक मीटर रुंदीची, न खणलेली मातीची भिंत राखून ठेवतात. आधी समोरासमोरचे दोन चतकोर खणावयाचे आणि नंतर उरलेले दोन.

ही मधली भिंत राखण्याचे कारण मुलांनाही सहज समजेल असे आहे. थरांची मिठाई सुरीने कापली म्हणजे कडेने तिचे सगळे थर दिसतात, तसे या भिंतीच्या कडेवर थडग्याचे सगळे थर दिसतात. तळाशी मूळची जमीन, तिच्यावर प्रेत किंवा अस्थी ठेवण्यासाठी तयार केलेला थर, त्यावर दुसरीकडून आणून पसरलेली चिकट काळी माती, त्यावर गोट्यांची भर, आणि सर्वांत वर नंतरच्या शतकांत साचलेली माती असा क्रम ती भिंत दाखविते. मागाहून कोणी उंदराने बीळ केले असेल, चोराने खड्डा घेतला असेल किंवा नांगराचा फाळ लागला असेल, तर तेही तिच्यात उमटलेले असते. खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा साधा नियम उत्खननशास्त्राचा पाया आहे. आणि बीळ किंवा खड्डा आला म्हणजे तो नियम कोठे मोडतो हे ओळखणे, ही त्या शास्त्रातील खरी परीक्षा होय.

वरचे गोटे काढीपर्यंत कुदळ, फावडे आणि घमेले चालते. काळी माती लागली की ती अवजारे बाजूस ठेवावी लागतात. मग लहान थापी, खुरपी, बांबूच्या टोकदार काड्या आणि कुंचले यांचे राज्य सुरू होते. हाड ओल्या चिकट मातीत मऊ झालेले असते. लोखंड गंजून फुगलेले असते. घाईने ओढले तर हाताला मातीच लागते. म्हणून वस्तू दिसताच ती उचलावयाची नाही. तिच्याभोवतीची माती अलगद काढून ती जागच्या जागी उघडी करावयाची, ओळंबा, पाणसळ व मोजपट्टी लावून तिचे स्थान लांबी, रुंदी व खोली अशा तीन अंगांनी नोंदवावयाचे, चित्र व छायाचित्र घ्यावयाचे, आणि मगच ती सोडवावयाची. काढलेली माती फेकून न देता चाळणीतून काढतात, कारण मोहरीएवढा मणी हाताला लागत नाही, तो चाळणीत सापडतो. दिवसाअखेर नोंदवही पूर्ण झाल्याशिवाय काम संपले असे मानीत नाहीत.

हा सारा खटाटोप कशासाठी? एक उदाहरण घेऊ. समजा, एक लोखंडी कड्यांचा लगाम कोणी बाजारात आणून दिला. त्यावरून एवढेच कळेल की, कोणी एके काळी घोडा बाळगीत होते. परंतु तोच लगाम थडग्यात, घोड्याच्या कवटीजवळ, मृत माणसाच्या अस्थींच्या शेजारी, त्याच काळ्या मातीच्या थरात मिळाला, म्हणजे त्या घोड्याचा व त्या माणसाच्या अंत्यविधीचा संबंध जुळतो. वस्तू तीच; तिची जागा नोंदलेली असल्यामुळे ती साक्ष देऊ लागते. जागा हरवली की साक्षही गेली.

आता या थडग्यांत काय मिळाले ते पाहू.

अस्थींपासून आरंभ करू. बहुतेक वर्तुळांत संपूर्ण सांगाडा मिळत नाही. काही लांब हाडे, कवटीचे तुकडे, दात एवढेच मिळते, आणि तेही शरीरातील क्रमाने लागलेले नसते. यावरून असे अनुमान निघते की, प्रेत आधी दुसरीकडे ठेवून किंवा पुरून, मांस गळून गेल्यावर उरलेल्या अस्थी निवडून या ठिकाणी आणीत. याला दुय्यम दफन म्हणतात. काही वर्तुळांत एकाहून अधिक माणसांच्या अस्थी आहेत. म्हणजे मृत्यू आणि हा विधी यांच्यामध्ये काही काळ जात असला पाहिजे, आणि विधीचा दिवस नातलगांनी ठरवून केलेला असला पाहिजे.

अस्थींच्या जवळ मातीची भांडी असतात: वाडगे, गाडगी, झाकण्या. त्यांतील पुष्कळ भांडी आतून व तोंडाशी काळी आणि बाहेरून तांबडी असतात. कुंभाराच्या भट्टीत भांडे पालथे ठेवले, तर आतल्या बाजूस हवा कोंडून ती काळी पडते आणि बाहेरील बाजूस मोकळी हवा लागून ती तांबडी भाजते. आपल्या गावचा कुंभार मुलांना हे चटकन समजावून देईल. भांड्यांत अन्नपाणी ठेवीत असावेत, असे मानण्यास आधार आहे. पण भांडे मिळणे निराळे आणि अन्न मिळणे निराळे, हा भेद शिकविताना पाळावा.

लोखंडाच्या वस्तू विपुल आहेत. कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या, बाणांची अग्रे, भाल्यांची पाती, खंजीर, नखे काढण्याची नराणी, पळ्या अशी ती यादी आहे. येथील कुऱ्हाडीची एक विशेष घडण आहे. तिला दांडा घालण्यासाठी भोक नसते. चपटे पाते लाकडी दांड्याच्या फटीत बसवून त्यावर लोखंडी पट्ट्या आडव्या आवळीत. माहूरझरीस तांब्याची मूठ असलेला लोखंडी खंजीर मिळाला. माणसाच्या निधनाबरोबर एवढे लोखंड जमिनीत पुरून टाकणे, ज्या काळी लोखंड गाळणे हे महाकष्टाचे काम होते त्या काळी, ही लहान गोष्ट नव्हे.

तांब्याच्या वस्तूंत बांगड्या, लहान घंटा, भांडी आणि त्यांवरची सुरेख झाकणे आहेत. काही झाकणांच्या शेंड्यावर फुलाची कळी व तिच्याभोवती पक्षी बसविलेले आहेत. थोडे सोनेही मिळाले आहे, ते पातळ पत्र्याचे अलंकार या रूपात. मण्यांविषयी तर माहूरझरीची ख्याती मोठी. तेथे लाल अकीकाचे मणी मिळाले, आणि काहींवर पांढऱ्या रेघांची नक्षी आहे. खाराचा लेप देऊन नक्षी काढावयाची आणि मणी तापवावयाचा, म्हणजे ती रेघ दगडात कायमची उतरते. हे काम करणारा माणूस हौशी नव्हता. तो पिढीजात किंवा दीर्घकाळ शिकलेला कारागीर होता.

या सर्वांहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे घोडा. जुनापाणी, खापा, माहूरझरी व नायकुंड या ठिकाणी घोड्याच्या अस्थी किंवा त्याचे साज मिळाले आहेत. लोखंडी लगाम आहेत. आणि माहूरझरीस घोड्याच्या मस्तकावर घालावयाचा, तांब्याच्या पत्र्याचा व लोखंडी बुंधे जडविलेला अलंकारही आहे. काही घोड्यांच्या हाडांवर धारदार शस्त्राच्या कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे घोडा आपल्या मरणाने मेलेला नव्हता. अंत्यविधीच्या वेळी त्याचा बळी दिला असावा. ज्या समाजात असा विधी होता तेथे घोडा प्रतिष्ठेचे चिन्ह होता, असे म्हणता येते.

बंधु-भगिनींनो, येथे एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. सगळी वर्तुळे सारखी संपन्न नाहीत. एकात घोडा, खंजीर व मणी. दुसऱ्यात चार भांडी आणि एखादी कुऱ्हाड. यावरून त्या समाजात मानाची उतरंड होती असे अनुमान विद्वान करतात. दुसरी बाजूही पाहा. तो एकेक धोंडा दोघा-तिघांना हलणारा नाही. तो शोधणे, आणणे, गोलावर बसविणे, काळी माती वाहून आणणे, गोट्यांची भर घालणे यासाठी साऱ्या वस्तीचे हात लागले असले पाहिजेत. एका माणसाच्या मरणाने पुष्कळ माणसे एकत्र येत होती, हे ते दगड आजही सांगतात.

हे लोक राहत कोठे? फार दिवस असे मानीत की, ते भटके होते आणि मागे केवळ थडगी ठेवून गेले. टाकळघाट व नायकुंड येथे थडग्यांच्या जवळच त्यांच्या वस्तीची पांढर मिळाली आणि तो समज बदलला. नायकुंड व भागीमोहारी येथे खांबांचे खळगे गोलाकार मिळाले. त्यावरून त्यांची घरे गोल असल्याचे कळले. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले. कोळसा झालेला दाणा कुजत नाही, म्हणून तो टिकला. त्यावरून हे लोक शेती करीत होते हे सिद्ध झाले. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची लहानशी भट्टीच सापडली. तिच्या वक्र विटा, भात्याची मातीची नळी आणि शेजारी पडलेली लोहमळी पाहिल्यावर, थडग्यांतील कुऱ्हाडी कोठून दुरून आणलेल्या असतील ही शंका उरत नाही. लोखंड येथेच, पेंच नदीच्या काठी, गाळले जात होते.

काळ कसा ठरतो, असे मुले विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. झाड किंवा प्राणी जिवंत असतो तोवर त्याच्या शरीरात कार्बनचा एक किरणोत्सर्गी प्रकार हवेतून वा अन्नातून येत राहतो. जीव गेला की ती आवक थांबते, आणि जो साठा असतो तो सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला साठा मोजला की किती वर्षे लोटली याचा अंदाज येतो. विलार्ड लिबी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ही रीत प्रत्यक्षात आणून दाखविली. टाकळघाट व नायकुंड येथील कोळशावरून या वस्त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपास येतो. सिद्धार्थ गौतम उत्तरेत जन्मास येण्याच्या सुमाराचा हा काळ आहे.

सगळ्या महाराष्ट्रात मृतांना निरोप देण्याची रीत एकच नव्हती. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने मोठे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपल्या लहान मुलांना दोन मातीच्या रांजणांत, तोंडाला तोंड लावून ठेवीत आणि घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढ माणसास उताणे पुरीत, पण त्याची पावले घोट्यापासून तोडलेली असत. एकाने आपले मृत घरातच राखले. दुसऱ्याने वस्तीबाहेर माळावर दगडांचे कडे रचले. ही तुलना वर्गात अवश्य सांगावी. मुलांना त्यातून कळते की, मृत्यू सर्वांचा सारखा असला तरी त्याला सामोरे जाण्याच्या रीती माणसांनी आपापल्या समजुतीने घडविल्या.

आता एक प्रश्न आपणांस गावात नक्की ऐकावा लागेल: मेलेल्या माणसांना पुन्हा खणून त्रास का द्यावा? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे चांगली भावना आहे. त्यावर उत्तर असे की, अभ्यासक प्रत्येक थडगे उघडू पाहत नाही. जुनापाणीच्या सुमारे ३०० वर्तुळांपैकी थोडीच उघडली गेली आहेत. थडगे एकदा खणले की ते पुन्हा खणता येत नाही. थर हलला तो कायमचा. म्हणून बरीचशी वर्तुळे पुढील पिढ्यांसाठी, त्यांच्या अधिक सूक्ष्म साधनांसाठी, राखून ठेवणे हेच उचित. १८६७ मध्ये हाडाला विचारता येत नव्हते असे प्रश्न आज विचारता येतात; आज न येणारे उद्या येतील. आणि जे उघडावयाचे ते परवानगीने, प्रशिक्षित हातांनी, अस्थींचा मान राखून.

खरे संकट निराळेच आहे. नागपूर शहर वाढत आहे. रस्त्याला खडी लागते, घराच्या पायाला दगड लागतो, शेताची मशागत यंत्राने होते. अडीच हजार वर्षे ऊनपाऊस सोसलेले वर्तुळ यंत्राखाली एका सकाळी नाहीसे होऊ शकते, आणि गावात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. दुसरे संकट गुप्तधनाच्या लोभाचे. अमावास्येच्या रात्री कोणी वर्तुळात खड्डा घेतो. त्याच्या हाती फुटकी भांडी व गंजलेले लोखंड लागते; ते तो फेकून देतो. त्याचे काही साधत नाही, आणि इतिहासाचे एक पान मात्र कायमचे फाटते. गुप्तधनाच्या भ्रमाविरुद्ध शिक्षकाने वर्गात स्पष्ट बोलले पाहिजे. या थडग्यांत हंडे भरून सोने कधी मिळालेले नाही, हे उत्खननांच्या छापील वृत्तांतांवरून दाखवून देता येते.

कायदाही आपल्या पाठीशी आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा केंद्राचा कायदा १९५८ चा आहे आणि महाराष्ट्र राज्याचा १९६० चा. जुनापाणीसह जिल्ह्यातील अनेक वर्तुळे केंद्र शासनाने संरक्षित केली आहेत. अशा स्थळी परवान्याशिवाय खणता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनुसार सभोवतालच्या १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. परंतु माळावर असे कितीतरी दगड आहेत की, ज्यांवर कोणत्याही खात्याची पाटी नाही. त्यांचा पहारेकरी कोण होणार? त्या गावची शाळा झाली तरच ते वाचतील, असे माझे मत आहे.

म्हणून चार कामे आपणांपुढे ठेवतो.

पहिले काम नोंदीचे. आपल्या गावच्या शिवारात वर्तुळे असल्यास शाळेत एक वही ठेवावी. वर्तुळ कोणाच्या शेतात आहे, व्यास किती, दगड किती, त्यांवर वाटीसारखे खळगे आहेत काय, गावकरी त्याला काय म्हणतात, हे लिहावे. मुलांनी दोरी व मोजपट्टी घेऊन मोजावे. व्यास व परीघ यांचा गणिताचा पाठ तेथेच घेता येईल. दगडावर खडूने किंवा रंगाने खूण करू नये, दगड हलवू नये आणि खणणे तर मुळीच नाही. दर वर्षी त्याच महिन्यात वही घेऊन पुन्हा जावे. एखादा दगड कमी झाला, तर ते प्रथम शाळेस कळेल.

दुसरे काम वर्गातील उत्खननाचे. एका मोठ्या खोक्यात तळाशी मुरूम, त्यावर काळी माती, त्यावर वाळू व गोटे असे थर घालावेत. काळ्या मातीत फुटक्या गाडग्याचे तुकडे, दोन-चार मणी, एक गंजलेला खिळा ठेवावा. सुतळीने चार भाग पाडून चार गटांना एकेक द्यावा. प्रत्येक वस्तूची जागा लिहिल्यावाचून ती उचलू द्यावयाची नाही. शेवटी मुलांना दोन रकाने करावयास सांगावे: 'आम्ही काय पाहिले' आणि 'त्यावरून आम्हांस काय वाटते'. हे दोन रकाने वेगळे ठेवण्याची सवय लागली, तर इतिहासाचा निम्मा अभ्यासक्रम पुरा झाला असे समजावे. परिसर अभ्यासात मानवाच्या वाटचालीचे पाठ येतात, त्या वेळी हा प्रयोग करता येईल.

तिसरे काम कळविण्याचे. विहीर खणताना, नांगरताना वा पाया घेताना भांडी, हाडे किंवा लोखंड निघाले, तर ते जागच्या जागी राहू द्यावे, वर माती लोटून झाकावे, छायाचित्र घ्यावे आणि तलाठी, तहसीलदार किंवा पुरातत्त्व खात्याचे कार्यालय यांस लेखी कळवावे. शेतकऱ्यास धीर द्यावा. आपले शेत जाईल या भीतीने पुष्कळदा वस्तू गुपचूप नष्ट केल्या जातात. तेव्हा गुरुजींच्या किंवा बाईंच्या शब्दाला तेथे फार मोल असते.

चौथे काम दाखविण्याचे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, १८६३ पासून आहे. सहल न्यावयाचीच असेल तर एक वेळ जुनापाणीच्या माळावर व एक वेळ संग्रहालयात न्यावी. वस्तू काचेआड कशी दिसते आणि ती जेथून निघते ती भूमी कशी असते, हे दोन्ही पाहिल्यावाचून मुलास त्या दोहोंचा संबंध उमगत नाही.

आपल्यातील कित्येकांच्या शाळांत अशी मुले आहेत की, ज्यांना इतिहास म्हणजे दूरच्या राजधान्यांची व राजांची गोष्ट वाटते. आपल्या गावी काही घडले नाही, असे ती मानतात. त्यांना सांगावे की, तुमच्या शिवारात लोखंड गाळणारे, अकीकावर पांढरी रेघ उमटविणारे, घोडे पाळणारे लोक अडीच हजार वर्षांपूर्वी राहत होते; आणि आपल्या मृतांसाठी त्यांनी घेतलेले कष्ट अजून जमिनीवर उभे आहेत. ते कष्ट पुढेही उभे राहावेत यासाठी फार द्रव्य लागत नाही. एक वही, एक दोरी आणि दर वर्षी एक फेरी एवढे पुरते. येत्या हिवाळ्यात प्रत्येक केंद्रातून निदान एका शाळेने अशी वही सुरू करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.